खांबाआडची झेली

मित्रांनो, मी पॅरिसमधलं एक म्हातारं चित्र आहे. अंगाला भेगा पडल्यात, पण जीभ शाबूत आहे. माझ्या कोपऱ्यात चित्रकारानं काय सही केली ते मला वाचता येत नाही. माझ्या पोरी मात्र मी डोळे मिटून ओळखते. रंगमंचावर पांढऱ्या झग्यांत नाचणाऱ्या पाच पोरी. कडेची झेली सगळ्यांत लाडकी.

थिएटरात वर्षभराची खुर्ची घेणाऱ्या बड्या धेंडांना तेव्हा पडद्यामागे फिरायची मुभा असे. त्यातलाच एक ग्रांवाल. मला त्यानंच काढवून घेतलं. चित्रकारानं डोळ्यांना दिसलं ते रंगवलं: विंगेत काळा कोट, आणि झेलीचा दंड धरलेला त्याचा अंगठीवाला हात.

माझ्यावर वार्निश चढलं त्याच आठवड्यात झेलीनं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, "हात काढा, साहेब! तिकीट नाचाचं काढलंय, नाचणारीचं नाही."

दुसऱ्या दिवशी तिला थिएटरातून हाकललं. मग तो माझ्याकडे वळला.

"हिच्यावर एक खांब उभा कर," तो चित्रकाराला म्हणाला. "रविवारी माणसं जेवायला यायचीत."

"वार्निशवर रंग धरत नाही, साहेब. आधी ते उतरवावं लागेल. वेळ जाईल."

"माझ्या घरात मी सांगतो ते धरतं!"

वार्निशवरच खांब उभा राहिला; झेली आणि तिच्या दंडावरचा हात त्याच्याआड गेले. पोटच्या पोरीला जिवंतपणी भिंतीत चिणावं तसं मला झालं. मनात म्हटलं, थांब मेल्या, तुझी मस्ती उतरवते.

त्यानं मला जेवणघरात शेकोटीवर टांगलं. पाहुणे तोंडभर कौतुक करत आणि बशीकडे वळत. धूळ कुणी पुसली नाही. मी मुकाट्यानं धग खात राहिले, वर्षानुवर्षं. खांबाला आतून पापुद्रे सुटत होते.

मग त्याच्या मुलीच्या साखरपुड्याचं जेवण आलं. भाजलेलं बदक कापत होते, आग भडकलेली. मी अंग सैल सोडलं. खांबाचा भलामोठा पापुद्रा खाली पडला.

"अगंबाई!" होणारी विहीण म्हणाली. "खांबाला हात कसा फुटला?"

ग्रांवालची बायको ओर्तांस उठून जवळ आली. "ओळखीचा हात आहे, विहीणबाई. अंगठी माझ्या वडिलांनी घातलेली."

"अगं, जुनी गोष्ट..." ग्रांवाल म्हणाला.

"मग नीट बघू या की!" म्हणत तिनं नखानं दुसरा पापुद्रा काढला. झेलीचा चेहरा बाहेर आला, संतापानं लाल.

"उतरवा ते! जाळा!" तो ओरडला.

"जाळूनच बघा," ओर्तांस म्हणाली, "मग मी आहे आणि तुम्ही आहात."

झेली तेव्हा कुठल्याशा धोबीखान्यात इस्त्री फिरवत होती. तिचा नाच मला परत देता आला नाही, ते शल्य आहेच. पण ओर्तांसनं नवऱ्याची खुर्ची बरोबर माझ्यासमोर मांडली. मरेपर्यंत तो दोन्ही वेळा मान खाली घालून जेवला. मी एक घास गोड लागू दिला नाही.

मित्रांनो, चित्रांना उन्हापासून, धगीपासून जपा. कुणा बड्याच्या सांगण्यावरून त्यांतलं माणूस पुसू नका. आणि माझ्यावरची धूळ मऊ फडक्यानं झटकत राहा. त्या खुर्चीत आता त्याचा नातू बसतो. हनुवटी तीच आहे. मला स्वच्छ दिसायला हवं.