देवमुशीचा फोटो

मित्रांनो, मला उचलायचं असेल तर आधी हात धुऊन या. घाणेरड्या हातांची मला भारी शिसारी येते. कशेळीच्या म्हात्र्यांच्या घरी, वरच्या खोलीत कपाटावर पडलेला डायव्हिंगचा मास्क, तो मी. माझं आता वय झालंय. कडेचं रबर पिवळं पडलंय, पट्ट्याचं एक टोक तुटलंय. काच मात्र शाबूत आहे.

माझा जन्म तैवानच्या कारखान्यातला. तिथे सगळं कसं लख्ख! हातमोजे घातलेल्या बायका मला मऊ फडक्याने पुसायच्या. मग मुंबईच्या एका दुकानातून धनेश म्हात्रेने मला विकत घेतलं आणि माझे हाल सुरू झाले. पाण्यात उतरण्याआधी मास्कच्या काचेत काय करतात, ठाऊक आहे? थुंकतात! काचेवर वाफ धरू नये म्हणून म्हणे. थुंकायचं, बोटाने फासायचं, वरून जरा खळबळायचं. त्यातून आमचे धनेशशेठ गुटखा खाणारे. शी!

तसा धनेश मनाने वाईट नव्हता. भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली, घरबसल्या भाडं येऊ लागलं, हाताशी वेळ आला, आणि या पठ्ठ्याला समुद्राचं वेड लागलं. त्यातही एकाच प्राण्याचं, व्हेल शार्क नावाच्या मुशीचं. जगातला सगळ्यात मोठा मासा. तिच्यापायी तो मालदीवला गेला, मेक्सिकोला गेला, मोझांबिकला गेला. मी प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांवर.

पहिल्यांदा ती दिसली मालदीवला. निळ्या पाण्यातून एक रुंद तोंड उघडं आलं, आणि त्यामागे ट्रकएवढं अंग, सगळ्या अंगावर पांढरे ठिपके. मी घाबरलो. पण ती बिचारी डोळ्यांना दिसणार नाहीत असले बारीक जीव गाळून खात होती. आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी थुंकीबिंकी सगळं विसरलो.

माणसांची मात्र पुढे किळस येत गेली. एका मुशीमागे पंधरा बोटी! बोटीतून धपाधप उड्या, अंगाला फासलेल्या क्रीमचा पाण्यावर तेलकट तवंग, तिच्या तोंडासमोर काठीला लावलेले कॅमेरे. एकजण तर तिच्या शेपटीला लाथ मारून वर खिदळत होता. अरे, ती जेवतेय ना? तुमच्या ताटापुढे कोणी असं नाचलं तर चालेल का तुम्हाला?

धनेशने मात्र पाच वर्षांत तिला एकदाही हात लावला नव्हता. कारण त्याचे वडील, हिरामण आबा. आबांचं तारुण्य मासेमारीच्या बोटीवर गेलेलं. पहिल्याच वेळी बॅग भरताना ते म्हणाले होते, "धन्या, बघायची तं लांबशी बघ. ती देवमुशी हाय. येकदा आमच्या जाल्यान आलती. नवा कोरा जाला कापून सोरली तिला. आपल्या घरातल्यानं तिला हात लावायचा न्हाय."

धनेशने तसा शब्द दिला होता. त्याची लेक सुकन्या, तेव्हा लहानगी, हे ऐकत दारात उभी होती. आता ती बारा वर्षांची झाली होती. तिलाही ती मुशी बघायची होती. वर्षभर ती ठाण्याच्या तलावात पोहायला शिकली. मला डोळ्यांवर चढवून बादलीत तोंड घालून बसायची. तिची आजी नको नको म्हणत होती. शेवटी आबा म्हणाले, "तुजा बाप या फेरीलापन शब्द राखून आला, तं दिवालीला जा त्याच्यासंगती." पोरगी दिवस मोजायला लागली.

आणि नेमका त्याच फेरीनंतर धनेशचा चाळिसावा वाढदिवस होता. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे नाक्यावर बॅनर. बॅनर छापणारा कामतघरचा कुणाल, धनेशचा दोस्त. त्याने सल्ला दिला, "शेठ, लांबून काढलेला मासा बॅनरवर उठत नाय. पकडून फोटो पायजे, मग बघ पब्लिक."

झालं! एका बेटाजवळ मुशी पाण्याच्या वरच्या थरात चरत होती. सोबत आलेल्या प्रितेशने कॅमेरा रोखला. माझ्या पट्ट्यावरही एक छोटा कॅमेरा चालू होता. वाटाड्याने पाठीवरच्या हवेच्या टाकीवर लोखंडी दांडी टणटण आपटून 'नको, नको' केलं. पण धनेश गेला आणि तिच्या पाठीवरचं पंखासारखं पर दोन्ही हातांनी धरून वर स्वार झाला. गाढवावर बसतात तसा!

ती दचकली. अंग झाडून तिरकी वर उसळली, आणि वर होती दुसऱ्याच कोणाची तरी चालू बोट. मित्रांनो, मी काच आहे, मला डोळे मिटता येत नाहीत. बोटीच्या पंख्याने तिची पाठ चिरत नेली. ठिपके असलेली कातडी फाटून आतलं पांढरं मांस उघडं पडलं. ती तशीच खाली अंधारात गेली.

धनेश बोटीवर चढला. मला कपाळावर सरकवलं आणि त्याचे पहिले शब्द काय होते, ऐका. "प्रित्या, फोटो आला ना?"

थू! थुंकीची किळस करणारा मी, पण तेव्हा मला तोंड असतं तर मीच थुंकलो असतो.

बॅनर लागला. 'समुद्राचा वाघ धनेशशेठ.' आबांनी नाक्यावर उभं राहून तो निरखला आणि घरी येऊन विचारलं, "हात लावलास?"

"मीच कशाला लावीन, आबा? तीच आली अंगावर. मी आपला तोल सावरला."

शब्द राहिला, असं आबांनी मानून घेतलं. सुकन्या तर हवेत होती. संध्याकाळी पाहुणे जमले, केक आला, आणि तिने हौसेने माझ्या पट्ट्यावरचा छोटा कॅमेरा काढून टीव्हीला जोडला. फेरीवरून आल्यापासून तो तसाच होता. सगळ्यांना पप्पांची मुशी दाखवायची होती तिला.

धनेश आतून धावत आला तोवर उशीर झाला होता. टणटण वाजलं. दोन हातांनी पर धरलं. पंखा फिरला. आणि भरल्या घरात धनेशचा आवाज घुमला, "प्रित्या, फोटो आला ना?"

कोणी टाळी वाजवली नाही. सुकन्याने विचारलं, "पप्पा, ती जगली का?"

"माहीत नाय, बाळा."

"तुम्ही खाली बघितलंच नाय?"

धनेशने टीव्ही बंद केला. मग हळूच म्हणाला, "दिवाळीला आपण जाऊ, तेव्हा शोधू तिला."

"मी तुमच्यासोबत नाय येणार," सुकन्या म्हणाली आणि रडत आजीच्या खोलीत गेली.

आबा काठी टेकत उठले. लेकाकडे त्यांनी पाहिलं नाही. "पोर आता मोठी व्हवूंदे. मंग ती आपली आपण जाईल," एवढंच बोलले आणि न जेवता झोपायला गेले.

तेव्हापासून मी या कपाटावर आहे. धनेश पुन्हा पाण्यात उतरला नाही. सुकन्या मोठी व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी त्या समुद्रांत गेलात, तर लांब राहा, हात आवरा आणि डोळे भरून बघून परत या. आमची पोर जाईल तेव्हा तिथे एखादी तरी मुशी उरू द्या.