आरतीचं ताट पुढं गेलं

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. सायखेड्यात मारुतीच्या देवळापुढे कीर्तन असलं, की पायऱ्यांखाली मी दिसेन. माझ्यात बसते वेदिका. तिचे पाय लहानपणापासून चालत नाहीत. गळा मात्र देवाने भरभरून दिलाय.

मी फुकट आले. हार घालून फोटो निघाला, दात्याचं नाव माझ्या पाठीवर रंगवलं. सगळ्यांना वाटलं, झालं, पोरीचं भागलं! पण माझी ट्यूब फुटते. गादी फाटली की वेदिकाला जखमा होतात. माझी घडी ठेवायची म्हणून रिक्षावाला जास्त भाडं मागतो. दवाखान्यात जायचं तर तिची आई, कुसाबाई, कांद्याची मजुरी बुडवते. हे सारं सरकारी अनुदानातून कसंबसं निघायचं.

यंदा तेच थांबलं. हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला जायचं होतं, नेमकं तेव्हाच माझं चाक बसलं. रिक्षा परवडेना, म्हणून जाणं राहिलं. आणि जाणं राहिलं म्हणून अनुदान बंद. कागदावर जिवंत राहायलाही भाडं लागतं, मित्रांनो!

सप्ताहात बुवांचं कीर्तन रंगलं. वेदिकाने मनापासून टाळ धरला. मग आरतीचं ताट फिरलं. एका आजींनी भक्तिभावाने नाणं ठेवलं ते वेदिकाच्या मांडीवर.

"आजी, ताट पुढं गेलं. मी ताट नाय."

"असू दे गं, दान हाय ते."

"दान नको, आजी. माझं अनुदान अडलंय."

लोक हसले. "गप गं, देवाच्या दारात!" कुसाबाई पुटपुटली. बुवा मात्र हसले नाहीत. खाली उतरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उद्या आमचा टेम्पो तालुक्यावरूनच जातो. मृदंगाशेजारी बसेल की खुर्ची."

"आन् भाडं, महाराज?"

"पोरीनं वाटेत गायचं. आमचे टाळकरी लय बेसूर आहेत, माउली."

दुसऱ्या दिवशी मृदंगाशेजारी दोरीने बांधलेली मी कचेरीत पोचले. वेदिकाचा हयातीचा दाखला जमा झाला.

"पैसे कधी येतील, साहेब?" कुसाबाईने विचारलं.

"येतील."

अजून आलेले नाहीत. फाटक्या गादीवर गोधडीची घडी आहे. फोन वाजला, की कुसाबाई हातातलं काम टाकून धावते.

दसऱ्याला माझ्या चाकांना झेंडू वाहतात. तो भाव मोठाच. पण फुलांनी चाक फिरत नाही, मित्रांनो. त्यात हवा लागते. खुर्ची देऊन मोकळे होऊ नका. तिच्यात बसणारीला रोज कुठेतरी जायचं असतं.