चार बोटांचा फरक

क्लबच्या मैदानाखाली, अकरा पायऱ्या उतरून, धुलाईची खोली होती. तिथे मावशींचं राज्य होतं आणि त्या राज्यात बोलायचा हक्क फक्त मावशींना. मुलींच्या फुटबॉल संघाचे कपडे त्या बावीस वर्षं धूत होत्या. सराव संपला की मुली घामेजलेले कपडे घेऊन दारात रांग लावायच्या आणि मावशींचा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"अगं, उलटा करून टाक तो टीशर्ट! पाठीवरचा नंबर काय सोलून काढायचाय?"

"चिखल ओला असतानाच चोळलास ना? आता बस तो डाग बघत. आधी वाळू द्यायचा, मग झटकायचा, मग पाणी. किती वेळा घसा फोडू?"

एकीने घरून कपडे मऊ करायचं सुगंधी औषध आणलं, तेव्हा तर विचारूच नका. "हे कापड घाम ओढून घ्यायला बनवलंय, शहाणे! त्याच्या तोंडाला मेण फासलंस तर ते घाम पिणार कसं?" असं म्हणत मावशींनी अख्खी बाटली मोरीत ओतली. संघाचे कोच, ज्यांना सगळ्या 'सर' म्हणायच्या, तेही खाली यायचं असलं की दोनदा विचार करायचे.

अशी ही बाई. सगळ्या जगाला बोलली, आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे मूग गिळून बसली.

संघात अठरा वर्षांची एक मुलगी होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी धावायची, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. एक दिवस मावशी तिची टाइट्स वाळत घालत होत्या. घट्ट, अंगाबरोबर बसणारं कापड ते. उजव्या गुडघ्याशी होतं तसंच होतं. डाव्या गुडघ्याशी दोन बोटं सैल. मावशींनी आधी मशीनला शिव्या घातल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, आणि वर बामचा भपकारा. मशीन काही बाम लावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगरीला एकटीला गाठलं. "डावा गुडघा दाखव."

"काही नाही हो मावशी, जरा मुरगळलाय."

"जरा मुरगळला की दोन बोटं सुजतो का? कापड ताणून ठेवलंस तू. मला नको शिकवूस."

भिंगरीने दार लोटलं आणि त्यांचे दोन्ही हात धरले. "मावशी, पाया पडते, सरांना सांगू नका. तीन आठवड्यांनी निवडीचा सामना आहे. मोठ्या संघाची माणसं बघायला येणार आहेत. सरांना कळलं तर मला बाकावर बसवतील. सामना झाला की लगेच डॉक्टरकडे जाते, तुमची शप्पथ."

"माझी कशाला? त्या गुडघ्याची घे," मावशी म्हणाल्या. पण आतून त्या केव्हाच विरघळल्या होत्या. "घरी माहीत आहे?"

"आईलासुद्धा नाही. फक्त तुम्हाला."

खरं सांगायचं तर मावशींना ते फार आवडलं. घरी त्यांना कोण विचारत होतं? दोन्ही मुलगे फोनवर "हो, हो, बघू" म्हणून ठेवून द्यायचे. आणि ही पोर सख्ख्या आईला सोडून त्यांच्यावर भरवसा टाकत होती. त्या दिवशी कपडे घडी करता करता त्या चक्क गुणगुणत होत्या. पुढे हे आठवलं की त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

धुतलेले कपडे सर स्वतःच्या हाताने वाटायचे आणि त्यांचं नाक भारी तिखट. म्हणून मावशी भिंगरीची टाइट्स वेगळी काढायच्या. गार पाण्यात व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवायच्या, दोनदा धुवायच्या, सावलीत पण वाऱ्यावर वाळवायच्या. वासाचा मागमूस राहायचा नाही. कामात त्यांचा हात कोण धरणार!

दुसऱ्या आठवड्यात फरक तीन बोटांचा झाला. तिसऱ्यात चार.

चार बोटं मात्र मावशींनी पुन्हा पुन्हा मोजून बघितली. हातातलं काम टाकून त्या तडक पायऱ्या चढल्या आणि सरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"काय मावशी?" सरांनी मान वर केली.

भिंगरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. त्यांची जीभच रेटेना. "साबण संपत आलाय," एवढं बोलून त्या परत फिरल्या. साबणाची दोन पोती खाली तशीच्या तशी पडून होती.

सामन्याच्या दिवशी मावशी टॉवेल घेऊन मैदानाच्या कडेला बसल्या होत्या. शेवटची वीस मिनिटं उरली होती. भिंगरीने चेंडू अडवला, वळली, आणि कोणाचा धक्का नाही की काही नाही, जागच्या जागी कोसळली. तिची ती किंकाळी ऐकून मावशी टॉवेल तिथेच टाकून धावल्या.

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या आतली, हाडं धरून ठेवणारी दोरी कित्येक दिवस अर्धी तुटलेलीच होती. तेव्हाच विश्रांती दिली असती तर भरून आली असती. आता ती पार तुटली, आतली गादीही फाटली; शस्त्रक्रिया करून चालता येईल, पण खेळ संपला.

"आपल्यापैकी एकालाही कळू नये?" सर सगळ्यांसमोर कपाळाला हात लावून म्हणाले. मावशी मान खाली घालून मोजे जोडत राहिल्या.

चार महिन्यांनी भिंगरी काठी टेकत खाली आली. क्लबचे कपडे परत करायचे होते. मावशींनी इतके दिवस मनात घोकलेलं एका दमात बोलून टाकलं. "माझं चुकलं गं. मी सरांना सांगायला हवं होतं. तू जन्मभर बोलली नसतीस माझ्याशी तरी चाललं असतं, पण सांगायला हवं होतं."

"मी रागावलेली नाहीये मावशी," भिंगरी म्हणाली. तिने कपड्यांची पिशवी टेबलावर ठेवली. "मला रोज भीती वाटायची. कपडे देताना मी तुमच्या तोंडाकडे बघायचे. एवढ्याशा डागावरून घर डोक्यावर घेता तुम्ही. मला वाटायचं, खरंच काही मोठं असतं तर मावशी गप्प बसल्या असत्या का?"

मावशींनी पिशवीतले कपडे काढून घडी करायला घेतले.

"येते," म्हणून भिंगरी वळली. कठडा धरून, दोन्ही पाय एकाच पायरीवर घेत घेत ती हळूहळू चढू लागली. ती वर पोचेपर्यंत मावशी तोंडावर टॉवेल दाबून रडत होत्या.