शेवटच्या होलवरची शांतता

गॉल्फमधलं मला काही कळत नाही, आणि वर्षभर त्यात राहूनही कळलं नाही. बॉल कुठे गेला हे मी कधी बघितलंच नाही. मी ऐकत होते. व्यावसायिक गॉल्फ खेळाडूंवर एक मालिका चालली होती, आणि आम्ही त्यांच्या मागे मैदानावर, हॉटेलात, गाडीत, कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत फिरत होतो. पडद्यामागचं खरं आयुष्य दाखवायचं, अशी कल्पना. माझं काम आवाजाचं. सकाळी खेळाडूच्या कॉलरच्या आत छोटासा माइक लावायचा, त्याची डबी कमरेला अडकवायची, आणि मग दिवसभर हेडफोन घालून त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर चालत राहायचं.

दिग्दर्शकाला आम्ही साहेब म्हणायचो. साहेबांचा एकच नियम होता.

"खेळाडूंशी बोलायचं नाही. हसायचं नाही, मान डोलवायची नाही. तुम्ही भिंत आहात असं समजा."

"भिंतीला कान असतात, साहेब," मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हाला घेतलंय," ते म्हणाले. माणूस कोरडा, पण हजरजबाबी.

दोन-तीन दिवसांत खेळाडूंना माइकचा विसर पडतो. आमचा धंदाच त्या विसरण्यावर चालतो. मग ते शिव्या देतात, बायकोशी भांडतात, मचमच आवाज करत बिस्किटं खातात. एकजण तर प्रत्येक फटक्याआधी स्वतःला "चल माझ्या राजा" म्हणायचा, आणि बॉल पाण्यात गेला की राजाचा पार उद्धार करायचा. मी हे सगळं एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून द्यायचे. नाहीतर या कामात माणूस वेडा होईल.

माइकचा विसर पडला नाही तो फक्त एकाला. बाकीचे खेळाडू त्यांना काका म्हणत. होते माझ्याच वयाचे, चाळिशी नुकतीच ओलांडलेले, त्यामुळे पहिल्या दिवशी मला रागच आला. हे काका, तर मी कोण? मग सवयीने मीही काकाच म्हणायला लागले, अर्थात मनात. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती.

एकदा खेळ संपल्यावर ते गाडीतळावर उभे राहून घरी फोन करत होते. कॅमेरा आवरला होता, माइक मात्र अजून कॉलरवर होता. बायकोला सांगत होते, "सगळं मस्त चाललंय. हो, जेवलो. झोपही छान लागते." फोन ठेवला. मग एकदम कानाशी आवाज आला, "जेवलो नाहीये. थाप मारली. ऐकताय ना, आवाजवाल्या बाई?"

मी व्हॅनच्या पायरीवर बसून वायरी गुंडाळत होते. दचकून वर बघितलं. काका गाडीतळाच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून उभे होते. जवळपास कोणी नव्हतं. भिंतीने काय करायचं? मी वायर गुंडाळत राहिले.

तिथपासून हे रोजचंच झालं. लिफ्टमध्ये, मैदानाच्या आडवाटेला, बूट काढताना. "बाई, आज पहिल्या फटक्याआधी बुटाची नाडी तीनदा बांधली. ऐकताय ना?" "बाई, लेक विचारत होती, बाबा, तुम्ही टीव्हीवर कधी येणार? म्हटलं, अगं, जिंकल्याशिवाय कोण दाखवतंय." "बाई, या खोलीतल्या पंख्यालाही गुडघेदुखी आहे वाटतं. ऐकताय ना?" प्रत्येक वेळी शेवटी तेच. ऐकताय ना? मी कानात प्राण आणून ऐकत असायचे, आणि उत्तर देण्याचा मार्ग नव्हता. माइक एकाच दिशेने चालतो. सकाळी समोरासमोर माइक लावताना तर साहेब शेजारीच उभे असत, आणि आम्ही दोघं अनोळखी माणसांसारखे. "हात वर करा." "हं." "झालं." एवढाच आमचा संवाद.

आता स्पष्टच सांगते. मला त्या आवाजाची सवय लागली. आई गेल्यापासून माझ्या घरात कोणी बोलत नाही. ताईचा फोन येतो, पण ती सांगते, विचारत नाही. सुनेचं सांगेल, पाठदुखीचं सांगेल, शेवटी म्हणेल, "तुला काय बाई, मस्त हिंडतेस." कामावर म्हणावं तर मी भिंत. अख्ख्या दिवसात कोणीतरी माझ्याशी बोलतंय, आणि मी ऐकतेय की नाही याची त्याला फिकीर आहे, असा तो एकच माणूस होता. एखाद्या दिवशी काका गप्प राहिले की माझा जीव खालीवर व्हायचा. मी डबीची बॅटरी तपासायचे.

वर्षाची शेवटची स्पर्धा आली. गॉल्फमध्ये पहिल्या दोन दिवसांनंतर अर्धे खेळाडू गळतात, त्याला कट म्हणतात. काका या कटमधून पार झाले, तर पुढच्या वर्षी खेळायचा त्यांचा हक्क शाबूत राहणार होता. नाही झाले, तर घरी जाऊन मुलांना काठी कशी धरायची ते शिकवायचं. मालिकेचं गणितही सोपं होतं. जो खेळेल त्याच्यामागे कॅमेरा जाणार. साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, "काका टिकले तर पुढच्या वर्षी आहेत, नाहीतर रामराम." मी देवाला नमस्कार करणाऱ्यातली नाही, पण त्या दोन दिवसांत मी काय काय कबूल केलं ते देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, मी शेवटच्या होलवर, म्हणजे मैदानाच्या शेवटच्या टप्प्यावर, शांतता रेकॉर्ड केली. लोकांना हे ऐकून हसू येतं, पण प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, आणि संकलन करणाऱ्याला ती लागते. कुठला शब्द कापला की मध्ये भोक पडतं, ते बुजवायला. सगळ्यांनी मिनिटभर आहे तिथे उभं राहायचं, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. "चला, बाईंच्या मौनाची वेळ झाली," अशी थट्टा चालायची. त्या सकाळी लांब कुठेतरी गवत कापायचं यंत्र चाललं होतं आणि झाडावर एक पक्षी थांबून थांबून ओरडत होता. मी दोन्ही तसेच घेतले.

दुपारी काका शेवटच्या होलवर आले तेव्हा हिशेब असा होता की चार फटक्यांत बॉल आत गेला तर कट पार, पाच लागले तर घरी. पहिला फटका जरा वाकडा गेला आणि बॉल झाडांखालच्या लांब गवतात पडला. काकांची बॅग त्यांचा मेहुणा उचलायचा. तो पुढचा अंदाज घ्यायला उंचवट्यावर चढला होता. बरोबरचा खेळाडू मैदानाच्या पलीकडच्या कडेला होता. कॅमेऱ्याला काकांची नुसती पाठ दिसत होती. साहेब व्हॅनमध्ये कोणाशी तरी फोनवर वाद घालत होते, हेडफोन काढून.

माझ्या कानात गवताची सळसळ आली. काकांनी काठी बॉलमागे टेकवली. श्वास आत घेतला. आणि मग श्वास सोडायच्या ऐवजी अगदी हळू म्हणाले, "हलला."

एवढ्या वर्षभराच्या ऐकण्यावर हा एक नियम मलाही माहीत झाला होता. आपल्या हातून बॉल हलला, तर तो परत जागेवर ठेवायचा आणि दंड म्हणून एक फटका जास्त मोजायचा. पंच मागे लागत नाही. ज्याने हलवला त्याने स्वतः सांगायचं.

काका वाकलेले होते तसेच थांबले. मग मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा, सरळ माझ्याकडे.

"बाई, ऐकलंत ना?"

मला फक्त मान खाली घालायची होती. यंत्राचं एखादं बटण फिरवायचं होतं. काकांना वाटलं असतं की आपलाच भास असेल, गवत हललं असेल, बॉल नसेल. दुसऱ्या कोणी काही बघितलं नव्हतं. तो फटका गेला असता, कट पार झाला असता, आणि पुढचं अख्खं वर्ष माझ्या कानात कोणीतरी जेवलो नाही म्हणून सांगत राहिलं असतं. मला ते हवं होतं. किती हवं होतं ते मला त्या क्षणीच कळलं.

पण त्यांनी दुसरं काहीही विचारलं असतं तर मी मूग गिळून बसले असते. त्यांनी नेमकं तेच विचारलं जे ते वर्षभर विचारत आले होते. त्या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं? ऐकलं होतं ना मी. सगळं ऐकलं होतं.

मी मान डोलावली. हो.

काकांनी क्षणभर डोळे मिटले. मग हात वर करून पंचांना हाक मारली.

त्यानंतरचं मी कधी नव्हे ते डोळ्यांनी बघितलं. बॉल जागेवर ठेवला, फटका इतका सुंदर बसला की मेहुणा उंचवट्यावरून "वा!" म्हणून ओरडला. त्याला दंडाचं माहीत नव्हतं. आता ग्रीनवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, एकाच फटक्यात बॉल आत जायला हवा होता. बॉल भोकाच्या काठापर्यंत गेला, काठावर जरा रेंगाळला, आणि थांबला. हातातोंडाशी आलेला घास गेला.

मेहुण्याला कळलं तेव्हा तो बॅग आपटूनच उभा राहिला. "भावजी, कोण बघत होतं?"

"बघत कोणी नव्हतं," काका म्हणाले.

साहेब व्हॅनमधून पळत आले. "याने हात का वर केला?" मी सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!" मग मिनिटभराने त्यांचा चेहरा उजळला. "आवाज आलाय ना? 'हलला' आलंय ना स्वच्छ? मग सोनं आहे हे."

संध्याकाळी काका माइक परत द्यायला व्हॅनपाशी आले. साहेब तिथे नव्हते, आणि काका आता मालिकेतही नव्हते, त्यामुळे नियम संपला होता. आम्हाला बोलायला पूर्ण मोकळीक होती. मी कॉलरमधून माइक काढला, वायर सोडवली. काका कमरेची डबी काढताना चाचपडत राहिले. वर्षभर ज्या माणसाने लिफ्टमध्येसुद्धा मला सोडलं नाही, त्याला समोर उभं राहून एक वाक्य सुचेना.

"जेवलात का?" शेवटी मीच विचारलं.

काकांना हसू आलं. "नाही," ते म्हणाले. "तुम्ही?"

"नाही."

"जेवा," ते म्हणाले. "येतो, बाई." मेहुण्याने गाडीचा हॉर्न वाजवला आणि ते गेले. मी सवयीने हेडफोन कानाला लावला. माइक माझ्याच हातात होता. त्यात माझाच श्वास ऐकू आला.

काही महिन्यांनी मालिका टीव्हीवर आली. मी घरी एकटीच बघत बसले. काकांचा भाग शेवटून दुसरा होता. गवत, पाठ, सळसळ. "हलला." मग काका मान वळवतात. तिथे त्यांचा चेहरा जवळून दाखवलाय, दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशीचा. "बाई, ऐकलंत ना" कापून टाकलंय. भिंतीशी बोललेलं ठेवत नाहीत. आणि त्या भोकात शांतता भरली आहे, लांबलचक. मी कान देऊन ऐकलं. लांब कुठेतरी गवत कापायचं यंत्र चाललं होतं. एक पक्षी थांबून थांबून ओरडत होता. दुपारी तिथे दोन्ही नव्हते. ती माझी सकाळची शांतता होती. मग काकांचा हात वर गेला आणि संगीत सुरू झालं.

नावांच्या पाट्या वर सरकत असतानाच ताईचा फोन आला.

"बघितलं गं. अंगावर काटा आला. तो केवढा वेळ गप्प उभा राहतो ना! मनाशी झगडत असणार बिचारा."

"झगडत नव्हता," मी म्हटलं. "उत्तराची वाट बघत होता."

"कोणाच्या?"

ताईने मला काही विचारावं अशी मी किती वर्षं वाट बघत होते. आणि आता तिने विचारलं, तर मी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज कमी करत राहिले.

"ऐकतेयस ना?" ताई म्हणाली. "हॅलो? कोणाच्या उत्तराची?"

"ताई, गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल. ठेवते," मी म्हटलं.

गॅसवर काहीच नव्हतं.