शितलच्या जास्वंदीचे कुंपण

निलम लग्न होऊन मसोलीच्या घरी आली, तेव्हा विहिरीजवळ लाल जास्वंदीचे एकच झाड होते. ते तिच्या नवऱ्याच्या, दिपकच्या, पहिल्या बायकोने, शितलने, लावले होते. शितल आता नव्हती. तिची मुलगी रुचिका शाळेतून आली की घरात येण्याआधी त्या झाडापाशी जाई.

मुळांनी विहिरीच्या कठड्याला तडा दिला आहे, झाड काढावे लागेल, असे निलमने सांगितले. ती तलासरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे, त्यामुळे कोणी वाद घातला नाही. तडा खराच होता. झाड काढण्याचे ते एकमेव कारण मात्र नव्हते. म्हणूनच असेल, तिने भरपाईही योजली. त्याच झाडाच्या फांद्यांचे कुंपण करायचे. पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या, कोंब फुटणाऱ्या डोळ्याखाली तिरका काप, खालची पाने काढून दुहेरी ओळीत लागवड.

सासू बायजी ओट्यावरून पाहत होती. या घराने पिढ्यान्‌पिढ्या चिकूची कलमे बांधली होती.

"कलमवाल्यांच्या घरात येऊन हे काय करतेस गो? फांदी लावून लेकरू होत नाही, तेच झाड राहतं. एका जागी होती, आता घराभोवती उभी केलीस तिला."

"झाड तेच राहतं, हे बरोबर," निलम म्हणाली. "'तिला' म्हणता, ते चूक."

"बरं, मॅडमबाय."

सगळा गाव तिला मॅडम म्हणे, आणि रुचिकाही. निलमला एवढेच हवे होते, की या मुलीने आपल्याला दुसऱ्या नावाने हाक मारावी. ते मागून मिळत नाही, हे ती जाणून होती.

कुंपण खांद्याएवढे झाले. तळाशी ऊन पोचावे म्हणून निलम ते वर अरुंद, खाली रुंद छाटत असे. अशीच एका दुपारी ती आतल्या बाजूला वाकून बसली होती. पलीकडून रुचिकाचा आवाज आला.

"आई, गॅदरिंगच्या नाचात मला पुढच्या रांगेत घेतलंय. येशील ना बघायला?"

निलमच्या हातातली कात्री थांबली.

"येईन," ती हळूच म्हणाली.

रुचिका उड्या मारत गेली. गॅदरिंगला निलम पुढे बसली, तिने टाळ्या वाजवल्या. मुलगी तिच्या शेजारी जेवायला बसू लागली. उपाय लागू पडत होता, म्हणून निलमने तो पुन्हा केला. "हो." "छान." "जपून जा." शब्द मोजके, आवाज खालचा.

पण ही फसवणूक होती, आणि तिला ती डाचू लागली. एके दिवशी ती मुद्दाम स्वयंपाकघरात बायजीजवळ थांबली, म्हणजे कुंपणाआड दोघींपैकी कोणी नसेल. खिडकीतून कुंपणापलीकडे उभी रुचिका दिसत होती. ती कुंपणाशी बोलली, उत्तराला लागेल तेवढा वेळ गप्प राहिली, हसली, पुन्हा बोलली. मुले कल्पनेत संवाद करतात. निलमला हे ठाऊक होते. तरी ती बाहेर गेली आणि आधी कुंपणाच्या आतली बाजू पाहून आली. तिथे कोणी नव्हते.

"रुचिका, एक सांगायचंय. त्या दिवशी 'येईन' म्हणाले, ती मी होते."

"माहितीये."

"माहितीये?"

"तुमचा आवाज कळतो ना, मॅडम. तुम्ही एकेकच शब्द बोलता. आई लय बोलते."

निलमने विचारले, "काय बोलते?"

"म्हणते, मॅडमना आई म्हणत जा, त्यांना बरं वाटेल."

"आणि तिला काय म्हणायचं?"

"तेच मी विचारलं." रुचिकाने खांदे उडवले. "म्हणाली, हाक तू मार. ओ कोणी द्यायची ते आम्ही बघू."

वारा पडला होता. जास्वंदीचे एक पानही हलत नव्हते. रुचिका कुंपणाकडे वळली. आता तिची पाठ निलमकडे होती.

"आई," तिने हाक मारली.

याच एका शब्दाची निलम इतके दिवस वाट पाहत होती. ओ देण्यासाठी तिने तोंड उघडले, आणि ती थांबली. आधी दुसरे कोणी ओ देते का, ते तिला ऐकायचे होते.