पेटीवरचा नंबर

"झाकण उघडा," चौकशी समितीच्या बाई म्हणाल्या.

पेटीमास्तरांनी चार स्क्रू काढले. बाहेरून ते कॉलेजचं जुनं व्होल्टमीटर होतं. जाड राखाडी पत्रा, पितळी पाटी, पाटीखाली पांढऱ्या रंगात कॉलेजचा नंबर. आत मात्र रेडिओ होता.

"यातलं मीटर कुठंय?"

"ते जळालेलंच होतं, बाई. मला नुसती पेटी मिळाली. आतलं सगळं मी बसवलंय."

"मिळाली म्हणजे? कुणी दिली?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. एरवी सरळ स्वयंपाकघरात शिरून "वहिनी, चहा टाका" म्हणणारा कॉलेजचा स्टोअरकीपर आज उंबऱ्यातच उभा होता.

मास्तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते, एकोणतीस वर्षं. निकामी उपकरणं भंगारात निघाली की त्यांचा जीव तुटायचा. मग एखादी पेटी ते घरी आणत, गंज घासत, जुन्या भोकांत नवी बटणं बसवत. भोक मोठं असलं तर पत्र्याचं ठिगळ लावत. त्यावरूनच कॉलेजात त्यांना पेटीमास्तर म्हणत. एकीत घड्याळ, एकीत पाण्याची टाकी भरली की वाजणारी घंटी. बायको म्हणायची, "घरात माणसं दोन आणि पेट्या अकरा." नंबर मात्र त्यांनी कधी खरवडले नाहीत. चोरीचा माल थोडाच होता तो!

प्रत्येक पेटी स्टोअरकीपरनं स्वतःच्या हातानं दिली होती. अठरा वर्षं दोघं एकाच बाकावर बसून जेवत होते. मास्तरांनी एकदा चिठ्ठी मागितली, तर तो हसला होता. "आपल्या दोघांत चिठ्ठी? ने रे गुपचूप."

गेल्या महिन्यात मोजणी झाली. चार चालू उपकरणं सापडेनात. जबाब स्टोअरकीपरला द्यायचा होता. त्यानं समितीला सांगितलं की कॉलेजच्या नंबराच्या पेट्या मास्तरांच्या घरात आहेत.

"तुम्ही दिल्या यांना?" बाईंनी विचारलं.

स्टोअरकीपर भिंतीकडे बघत म्हणाला, "भंगार बघायला यायचे ते. मी अडवलं नाही. काय नेलं ते मला ठाऊक नाही. विश्वास होता माझा."

स्वयंपाकघरातून मास्तरांची बायको बाहेर आली. "भावजी, काय बोलताय हे?"

मास्तरांनी तिला हातानंच थांबवलं.

बाईंनी अकराही झाकणं उघडायला लावली. हरवलेलं उपकरण एकीतही नव्हतं. "आणखी कुठं ठेवल्यात का पेट्या?"

बारावी पेटी स्टोअरकीपरच्याच घरी होती. त्याची आई तीन वर्षं अंथरुणावर होती. तिनं उशाशी बटण दाबलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची. तिच्या बोटांत जोर नव्हता, म्हणून मास्तरांनी हलकं बटण शोधण्यात दोन रविवार घालवले होते. त्या पेटीवरही नंबर होता.

आता कुठे स्टोअरकीपरनं त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "एवढ्याच."

पेट्या जप्त करायच्या ठरल्या. मास्तरांनी आतलं सामान काढून घ्यायची परवानगी मागितली, आणि दुपारभर एकेक तार सोडवत बसले. शिपाई रिकाम्या पेट्या खाली नेत होता. शेवटची गेल्यावर स्टोअरकीपर हळूच म्हणाला, "समजून घे. माझ्या नोकरीचा प्रश्न होता."

"आणि माझ्या?"

त्यानं जिन्याचा कठडा धरला आणि तो खाली उतरून गेला.

दोन महिन्यांनी समितीचं पत्र आलं. पेट्या भंगारच होत्या, मास्तरांवर काही ठपका नव्हता. तरीही त्यांची बदली कागदपत्रांच्या खोलीत झाली. तिथे दुरुस्त करण्यासारखं एक पंखा सोडून काही नव्हतं. चार उपकरणं कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मास्तर आता टेबलावरच डबा उघडत.

एका रविवारी बायको फडताळ पुसत होती. रेडिओ लाकडी फळीवर तसाच, तारा उघड्या टाकून गात होता.

"त्याला हात नको लावूस," मास्तर म्हणाले. "झाकण नाही आता. झटका बसेल."

तिनं फडकं मागे घेतलं, आणि बाजूबाजूनं पुसत राहिली.