लाउगाची ओळ

“पाय! अगं स्वावा, पाय! तुझा बेस अजून घरून निघालाच नाही वाटतं!”

लाउगाने स्वावाच्या मांडीवर चापट मारली आणि स्वतःच जाड आवाज काढून बेसची ओळ पुन्हा गायली. एक्याऐंशी वर्षांची बाई, पण खर्ज लावायची तेव्हा चर्चच्या खिडक्या थरथरायच्या. स्वावाने डावा पाय ऑर्गनच्या खालच्या लाकडी पट्ट्यांवरून सरकवत नेला, पट्टी सापडली, दाबली.

“हं. आता आलीस. बूट काढ म्हणून किती वेळा सांगितलं? मोज्यांना डोळे असतात.”

“मोजे ओले आहेत.”

“मग ओल्या डोळ्यांनी वाजव.”

काचबिंदूने स्वावाची नजर गेली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्याआधी ती सरोवराकाठच्या मासळीच्या कारखान्यात होती. बर्फाच्या पाण्यात हात घालून, सुरीने मासे सोलून सोलून तिच्या बोटांची टोकं जोड्याच्या तळव्यासारखी झाली होती. नजर गेल्यावर विनिपेग शहरातून एक बाई ब्रेल शिकवायला यायची. स्वावा कागदावरून बोट फिरवायची आणि तिला कागदच लागायचा, ठिपके काही लागायचे नाहीत. थोड्याच दिवसांत त्या बाईने हात टेकले. ती भली बाई होती, जाताना रडली. तिची समजूतही स्वावालाच घालावी लागली.

मग लाउगाने तिला धरून आणलं. चर्चचा ऑर्गन लाउगा लग्न होऊन आली तेव्हापासून वाजवत होती. आता संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती आणि गावात ऑर्गनला हात लावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. “बोटांना दिसत नसेल तर कानाने शीक,” लाउगा म्हणाली होती. दर गुरुवारी दोघी ऑर्गनच्या बाकावर बसायच्या, आणि शिकलेली गीतं स्वावा रविवारी चर्चमध्ये वाजवायची. गीत चार आवाजांचं असायचं; लाउगा त्यातल्या एकेका आवाजाची ओळ गायची आणि स्वावा ती वाजवायची. आधी वरचा सोप्रानो, मग पायांचा बेस, मग डाव्या हाताचा टेनर आणि सगळ्यात शेवटी मधला आल्टो. आल्टो उजव्या हाताच्या आतल्या बोटांनी, वरच्या सुराखाली दडवून वाजवायचा. तो लाउगाचा स्वतःचा आवाज. जन्मभर ती तोच गात आली होती.

“आल्टो कुणाला ऐकू येत नाही,” ती म्हणायची. “पण नसला की सगळे इकडेतिकडे बघायला लागतात.”

या गुरुवारी चाललं होतं ते गीत जुनं होतं, आइसलँडहून इथे येऊन वसलेल्या आज्यांच्या तोंडचं. त्या दिवशी टेनर बसला.

“पुढच्या गुरुवारी आल्टो,” लाउगा कोट चढवत म्हणाली. “नीट शीक. माझ्या वेळी हेच वाजवायचंय तुला.”

“तू कुठे चालली आहेस इतक्यात?”

“सध्या घरी. कॉफी संपलीय.”

सोमवारी दारापुढचा बर्फ उपसता उपसता लाउगा तिथेच बसली आणि गेली. फावडं हातातच होतं, असं शेजारीण फोनवर सांगत होती. स्वावाने फोन ठेवला, स्वयंपाकघरात खुर्ची ओढली आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली. तिला रडू आलं नाही. आता कुणाशी बोलायचं, एवढंच डोक्यात घोळत राहिलं. नवरा गेला तेव्हा लाउगा होती. नजर गेली तेव्हाही लाउगाच होती.

मंगळवारी हेल्गी आला. हेल्गी म्हणजे चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, पण काम उरकायची त्याला भारी घाई.

“स्वावा, शुक्रवारी अंत्यविधी आहे. ते मशीन आलंय, बटण दाबलं की गीत वाजतं. या वेळी तेच लावू. तुला त्रास नको.”

“मी वाजवणार.”

“लाउगाच्या मुलाने ते जुनं गीत सांगितलंय. तुला ते अर्धंच येतं म्हणे.”

“पाऊण येतं.”

“गावभर लोक येतील,” हेल्गी जरा खालच्या आवाजात म्हणाला. “हे बघ, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. मंडळात चर्चा चाललीय. तुला शिकवायलाही आता कोण आहे? शुक्रवारी कुठे अडलीस तर रविवारपासून मशीन. मग माझ्याकडे येऊ नकोस.”

“तुझ्याकडे कधी आले होते?”

हेल्गी गेल्यावर स्वावाने कोट चढवला. रविवारचा ऑर्गन गेला तर घराबाहेर पडायला तिला कारणच उरणार नव्हतं. आल्टो आपल्याच मनाने बसवून बघावा म्हणून ती चर्चमध्ये गेली. सूर जुळत होते, पण ते तिचे होते, त्या गीताचे नव्हते.

शेवटी तिने पास्टर केल्विनना बोलावलं. चर्चचे हे धर्मगुरू तरुण, गिटार वाजवणारे. कागदावर लिहिलेले सूर वाचता यायचे, पण सहावीतल्या मुलाने कविता म्हणावी तसं.

“सी, सी, डी... थांबा, सी, मग बी. नाही नाही, बी फ्लॅट! माफ करा हं, स्वावाताई.”

“चालू दे, पास्टर. मासे सोलायला शिकले तेव्हाही पहिल्या दिवशी रक्तच निघालं होतं.”

ते बुधवारी आले, गुरुवारी पुन्हा आले. गुरुवारी संध्याकाळी चारही ओळी एकत्र आल्या. पास्टर टाळी वाजवून म्हणाले, “झालं की! सुटलात!” स्वावा हसली. गीत खरंच बिनचूक झालं होतं. पण आल्टो वाजवताना तिच्या कानात पास्टरांचाच आवाज येत होता. बी, नाही नाही, बी फ्लॅट.

शुक्रवारी चर्च भरलं. ओल्या लोकरीचा वास, खोकले, बूट झटकल्याचे आवाज. स्वावाने आपले बूट काढून बाकाखाली सारले. पास्टरांनी गीताचं नाव घेतलं, लोक उभे राहिले.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं की आता हातांना विचारावं लागत नाही. लोक तिच्यावर भार टाकून गात होते. हेल्गीचा खर्ज पहिल्या बाकावरून येत होता, अगदी निर्धास्त. आता एकच कडवं उरलं होतं. ते असंच वाजवलं की रविवार तिचा होता.

शेवटच्या कडव्याला तिने आतली बोटं उचलली.

ठरवून नव्हे. लाउगाच्या ओळीत दुसऱ्या कुणाचा आवाज तिला सोसवेना, बस. वर सोप्रानो चालला, खाली टेनर आणि बेस, आणि मधे पोकळी. ती सगळ्यांना ऐकू आली. लोकांचा आवाज दबला, कुणी तरी गाता गाता थांबलं. स्वावाने ताल सोडला नाही. तशीच पोकळी घेऊन ती शेवटच्या सुरापर्यंत गेली.

खाली तळघरात कॉफी आणि आलुबुखाऱ्याच्या थरांचा केक होता. हेल्गी बशी घेऊन आला आणि तिच्या हातात देऊन शेजारी बसला.

“शेवटच्या कडव्यात चुकलीस.”

“चुकले नाही. ती लाउगाची ओळ होती. रिकामी सोडली.”

हेल्गीने खुर्ची जवळ ओढली. त्याने घसा खाकरला.

“मंडळाला हे कळायचं नाही, स्वावा.”

“माहीत आहे.”

“येत होती ना तुला? मग वाजवायचीस की! एका कडव्याचा तर प्रश्न होता!”

“हो,” स्वावा म्हणाली. “एकाच कडव्याचा.”

लोक पांगले. गाड्यांचे आवाज एकेक करत रस्त्याला लागले. स्वावा कठड्याला धरून वर आली. रिकाम्या चर्चमध्ये ऑर्गनला हवा पुरवणारा पंखा अजून घुमत होता, बंद करायचा राहूनच गेला होता. ती बाकावर बसली आणि आल्टोचा पहिला सूर शोधून एका बोटाने दाबून धरला. दुसऱ्या हाताने तिने पंख्याचं बटण बंद केलं. हवा कमी होत गेली तसा तो सूर थोडा थोडा खाली घसरला, बारीक झाला, आणि मग नुसता श्वासासारखा येऊन थांबला. तिने पट्टीवरचं बोट मात्र उचललं नाही.